उधाणाची मोठी भरती : घाटावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर समुद्रापासून सरळ रेषेत साधारण शंभर किलोमीटरवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे भरती-ओहोटी हा विषय येथील माणसाला सातवीच्या भूगोलात एकदा भेटतो आणि त्यानंतर थेट गणपतीपुळ्याच्या किंवा तारकर्लीच्या वाळूत उभे राहिल्यावरच आठवतो. तरीही दर पावसाळ्यात मुंबईच्या बातम्यांत ‘साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती’ असे शब्द आले की घाटावरही चर्चा सुरू होते, आणि त्या चर्चेत पंचगंगेचा पूर, पौर्णिमा, सुपरमून आणि सुनामी अशा अनेक गोष्टी एकत्र कालवल्या जातात. त्या वेगळ्या करून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

‘उधाण’ आणि ‘भांग’ यांत फरक काय? ‘किंग टाइड’ हा भरतीचा निराळा प्रकार आहे का?

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात, दोघांच्या ओढीची बेरीज होते आणि भरती नेहमीपेक्षा वर चढते. ही उधाणाची भरती होय. शुद्ध आणि वद्य अष्टमीच्या सुमारास चंद्र आणि सूर्य पृथ्वीच्या दृष्टीने काटकोनात असतात, तेव्हा एकाची ओढ दुसऱ्याच्या आड येते आणि भरती लहान राहते. ही भांगाची भरती होय. एक बाब पुष्कळदा निसटते : उधाणात केवळ भरती मोठी नसते, ओहोटीही तितकीच खोल जाते. भांगात पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही.

‘किंग टाइड’ हा शास्त्रीय पारिभाषिक शब्द नाही. वर्षभरातील उधाणांपैकी जी सर्वांत मोठी असतात, त्यांना बोलीत दिलेले ते नाव आहे. ती का मोठी होतात, हे पुढे येईलच.

चंद्र समुद्राचे पाणी वर खेचतो, म्हणून भरती येते ना?

असे आपण शाळेत लिहिले आणि गुणही मिळवले, परंतु ते अर्धेच खरे आहे. चंद्राची भरती घडवणारी ओढ पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक कोटीव्या भागाएवढी असते. एवढ्याशा बळाने पाणी सरळ वर उचलले जाणे शक्य नाही. प्रत्यक्षात काम करते ती आडवी ओढ. पृष्ठभागाला समांतर असलेल्या या ओढीला विरोध करायला पृथ्वीचे गुरुत्व नसते, त्यामुळे हजारो किलोमीटर पसरलेले पाणी हळूहळू सरकत एका बाजूला गोळा होते आणि तेथे फुगवटा येतो. पाणी वर जाते हे खरे, पण ते चारही बाजूंनी लोटले गेल्यामुळे जाते. महासागर विस्तीर्ण असणे भरतीसाठी का आवश्यक आहे, हेही यातूनच उलगडते.

दुसरी गोष्ट म्हणजे भरती घडते ती ओढीमुळे नव्हे, तर ओढीतील फरकामुळे. चंद्राकडे तोंड असलेल्या बाजूचे पाणी पृथ्वीच्या केंद्रापेक्षा चंद्राला जवळ असते, म्हणून ते अधिक ओढले जाते. विरुद्ध बाजूचे पाणी केंद्रापेक्षा दूर असते, म्हणून ते कमी ओढले जाते आणि जणू मागे राहते. त्यामुळे फुगवटे दोन येतात आणि आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोनदा भरती येते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असताना चंद्रही पुढे सरकतो, म्हणून तो पुन्हा डोक्यावर यायला २४ तास ५० मिनिटे लागतात आणि दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर पडते.

या फरकाच्या हिशेबामुळेच सूर्य मागे पडतो. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे पावणेदोनशे पट जोराने ओढतो, परंतु तो इतका दूर आहे की पृथ्वीच्या या बाजूला आणि त्या बाजूला त्याच्या ओढीत फारसा फरक राहत नाही. भरतीच्या बाबतीत सूर्याचा प्रभाव चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी, म्हणजे सुमारे ४६ टक्के भरतो.

मग महिन्यातून दोन उधाणे येत असताना वर्षातील एखादेच असाधारण मोठे का होते?

या प्रश्नातच विषयाचा खरा गाभा आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. तो कधी पृथ्वीपासून सुमारे ३,५७,००० किलोमीटरवर येतो, तर कधी ४,०६,००० किलोमीटरच्या पुढे जातो. जवळच्या स्थितीला उपभू आणि दूरच्या स्थितीला अपभू म्हणतात. अंतरातील हा फरक दिसायला किरकोळ आहे, पण भरती घडवणारे बळ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. अंतर निम्मे झाले तर बळ दुप्पट किंवा चौपट नव्हे, तर आठपट होते. त्यामुळे चंद्र अगदी जवळ असताना त्याचे हे बळ तो अगदी दूर असतानाच्या जवळजवळ दीडपट असते.

उपभूपासून उपभूपर्यंत २७.५५ दिवस लागतात, तर अमावास्येपासून अमावास्येपर्यंत २९.५३ दिवस. ही दोन चक्रे एकमेकांशी जुळत नाहीत. चंद्र जवळ येतो तो कधी षष्ठीला, कधी एकादशीला, आणि मग त्या जवळिकीचा उधाणाला पुरेसा उपयोग होत नाही. परंतु १४ चांद्रमास म्हणजे ४१३.४ दिवस आणि १५ उपभू-फेऱ्या म्हणजे ४१३.३ दिवस. या हिशेबाने साधारण साडेतेरा महिन्यांनी पौर्णिमा आणि उपभू यांची पुन्हा गाठ पडते, आणि दोन गाठींच्या मधोमध, म्हणजे सुमारे सात महिन्यांनी, अमावास्या आणि उपभू एकत्र येतात. अशा गाठीच्या आगेमागे दोन-तीन महिने उधाणे जोरात असतात, आणि त्याच काळात दुसऱ्या पक्षाचे उधाण चंद्र दूर असल्यामुळे फिके पडते. किनाऱ्यावरची जुनी माणसे ‘यंदा पुनवेचे उधाण मोठे आहे, अवसेचे नाही’ असा भेद करतात, तो यामुळेच.

त्यावर आणखी थर चढतात. पृथ्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्याला सर्वांत जवळ, सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैत १५.२१ कोटी किलोमीटरवर जाते. त्यामुळे सूर्याच्या वाट्यात सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये विषुवदिनाच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो, चंद्रही अमावास्या-पौर्णिमेला त्याच्या आसपास येतो, आणि दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीला ही मांडणी सर्वाधिक अनुकूल असते. शिवाय चंद्राच्या कक्षेचा तिरकसपणा १८.६ वर्षांच्या चक्रात कमीजास्त होतो, त्याचाही काही टक्क्यांचा परिणाम असतो.

हे सारे एका मुहूर्तावर जुळले तर काय होते, याचे मार्च २०१५ हे उत्तम उदाहरण आहे. १९ मार्चला चंद्र उपभूला होता, २० मार्चला अमावास्या, खग्रास सूर्यग्रहण आणि विषुवदिन हे तिन्ही एकाच दिवशी आले, आणि २१ मार्चला फ्रान्सच्या माँ सँ मिशेल या बेटाजवळ भरती-ओहोटीतील फरक सुमारे १४ मीटरवर गेला. वर्तमानपत्रांनी त्याला ‘शतकातील भरती’ म्हटले. वस्तुतः अशी मांडणी सुमारे अठरा वर्षांनी पुन्हा येते. एका शतकात पाचदा येणाऱ्या गोष्टीला शतकातील म्हणणे जरा जास्तच झाले.

उधाण अमावास्येलाच सर्वांत मोठे असते का?

बहुधा नाही. समुद्र हा जड आणि विस्तीर्ण आहे, त्याला ओढीला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो. सर्वांत मोठी भरती साधारणपणे एक-दोन दिवसांनी, म्हणजे प्रतिपदा-द्वितीयेला येते.

सुपरमूनच्या दिवशी समुद्रकिनारी जाणे धोक्याचे आहे का?

सुपरमून म्हणजे उपभूच्या जवळपास आलेली पौर्णिमा. त्या दिवशी उधाण मोठे असते, यात शंका नाही, पण मोठे म्हणजे किती? आपल्या किनाऱ्यावर नेहमीच्या उधाणापेक्षा काही सेंटिमीटर ते काही दशक सेंटिमीटर इतकेच. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी चंद्र १९४८ नंतर प्रथमच इतका जवळ, सुमारे ३,५६,५०० किलोमीटरवर आला होता. त्या दिवशी समुद्र किनारे सोडून वर आला नाही. शांत हवेत सुपरमूनचे उधाण पाहणे हा आनंदाचा विषय आहे. धोका निर्माण होतो तो त्याच दिवशी वादळ किंवा मुसळधार पाऊस असेल तर. दुसरे असे की सुपरमूनइतकीच मोठी भरती उपभूजवळच्या अमावास्येलाही येते, परंतु तेव्हा चंद्र दिसत नसल्यामुळे मोबाइलवर कोणी संदेश पाठवत नाही.

चंद्र सर्वांना सारखाच असताना मालवणला भरती लहान आणि मुंबईला मोठी, असे का?

खुल्या महासागरात चंद्र-सूर्याच्या ओढीने येणारा फुगवटा एक मीटरपेक्षाही कमी असायला हवा. त्यापुढची सगळी उंची जमिनीच्या आकारामुळे मिळते. भरती हा एक अतिशय लांब तरंग आहे. तो खोल समुद्रातून उथळ भागात शिरला की त्याचा वेग घटतो आणि उंची वाढते. त्यात किनारा नरसाळ्यासारखा निमुळता होत गेला तर तेच पाणी कमी रुंदीत कोंबले जाते आणि आणखी चढते. पाटाचे पाणी अरुंद सरीत वळवले की ते कसे काठोकाठ येते, हे शिरोळ-करवीरच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

भरतीचा तरंग आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो. मालवण, वेंगुर्ले, गोवा या भागात उधाणाला भरती-ओहोटीतील फरक साधारण दोन मीटरच्या आसपास असतो. उत्तरेकडे जाताना समुद्रातील उथळ भागाची रुंदी वाढते, आणि मुंबईत मोठ्या उधाणाला हा फरक साडेचार मीटरच्याही पुढे जातो. पुढे खंभातच्या आखातात किनारे दोन्ही बाजूंनी जवळ येतात, आणि भावनगरच्या परिसरात हा फरक दहा मीटरपर्यंत व त्याहून अधिक होतो. अलंग येथील जहाजे तोडण्याचा व्यवसाय याच देणगीवर उभा आहे : उधाणाच्या भरतीला जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवतात, आणि पाणी ओसरले की ते चिखलात कोरडे बसते. इसवी सनपूर्व ३२५ मध्ये सिकंदराचे आरमार सिंधूच्या मुखाशी पोहोचले, तेव्हा भूमध्य समुद्रातील नाममात्र भरतीची सवय असलेले त्याचे खलाशी पाणी ओसरून नौका जमिनीला टेकताच घाबरून गेले होते.

जगातील सर्वांत मोठा फरक कॅनडातील फंडीच्या उपसागरात आढळतो. तेथे तो सुमारे १६ मीटर, म्हणजे पाच मजली इमारतीइतका आहे. तेथे निमुळतेपणाच्या जोडीला अनुनाद काम करतो. पाण्याने भरलेली परात घेऊन चालताना पावलांची लय परातीतील हेलकाव्याशी जुळली, तर दोन-चार पावलांत पाणी बाहेर सांडते. फंडीच्या उपसागरातील पाण्याचा नैसर्गिक हेलकावा सुमारे तेरा तासांचा आहे, आणि महासागरातून भरतीचा धक्का दर १२ तास २५ मिनिटांनी येतो. लय जवळजवळ जुळते, आणि प्रत्येक धक्का आधीच्या हेलकाव्यात भर घालतो.

‘४.८ मीटरची भरती’ म्हणजे तेवढ्या उंचीची लाट येणार का?

नाही. या एका आकड्याइतका गैरसमज दुसऱ्या कशानेही पसरलेला नाही. ४.८ मीटर ही लाटेची उंची नसून पाण्याच्या पातळीची उंची आहे, आणि तीही सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेली नाही. प्रत्येक बंदरासाठी जवळजवळ सर्वांत खोल ओहोटीच्या पातळीला शून्य मानून तेथून भरती मोजतात, कारण ही कोष्टके मुळात जहाजांसाठी आहेत आणि तळ लागणार नाही ना, ही खलाशाची पहिली चिंता असते. मुंबईत सरासरी समुद्रपातळी या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ मीटरची भरती ही सरासरीपेक्षा साधारण सव्वादोन मीटर वर आलेले पाणी होय. मरीन ड्राइव्हवर उडणाऱ्या लाटा या पातळीच्या वर पावसाळी वाऱ्याने उठवलेल्या असतात, आणि त्यांचा या आकड्यात समावेश नसतो.

शून्य प्रत्येक बंदराचे वेगळे असल्यामुळे रत्नागिरीचा आकडा मुंबईच्या आकड्याशी ताडून पाहण्यातही अर्थ नाही.

पावसाळ्यात मोठी भरती भर दुपारीच का येते?

निरीक्षण अचूक आहे. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, परंतु या दोन भरती सारख्या नसतात. जून-जुलैमध्ये सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला असतो. अमावास्येला चंद्रही त्याच्याच बाजूला असल्याने दुपारी दोघांचा फुगवटा आपल्या अक्षांशाच्या जवळून जातो. पौर्णिमेला चंद्र दक्षिणेला असतो, पण त्याचा विरुद्ध बाजूचा फुगवटा उत्तरेला येतो आणि तोही दुपारीच आपल्याकडे असतो. म्हणून पावसाळ्यात दुपारची भरती मोठी आणि मध्यरात्रीची लहान असते. डिसेंबर-जानेवारीत हे उलटते. हिवाळ्यातही तितक्याच मोठ्या भरती येतात, पण त्या लोक झोपेत असताना येतात आणि पाऊस नसल्यामुळे गटारे तुंबत नाहीत, म्हणून त्यांची बातमी होत नाही.

घरातील कॅलेंडर पाहून भरतीची वेळ काढता येते का?

येते, आणि कोकणात ती पिढ्यान्‌पिढ्या काढली जाते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे तीनने गुणून चाराने भागावे. जे उत्तर येईल ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पौर्णिमेला सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच, आणि दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी येते. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात बराचसा जुळतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. पाऊण तासाचे हे गणित म्हणजे चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो या वस्तुस्थितीचे सोपे रूप आहे. तिथी चंद्रावर चालते आणि भरतीही, त्यामुळे इंग्रजी तारखेपेक्षा पंचांग येथे अधिक कामाचे ठरते.

असाधारण भरतीचा अंदाज किती आधी सांगता येतो?

खगोलीय भाग अनेक वर्षे आधी, मिनिटा-सेंटिमीटरच्या हिशेबात सांगता येतो. न्यूटनने १६८७ मध्ये भरतीचे कारण सांगितले आणि लाप्लासने पुढच्या शतकात समुद्राच्या हालचालीचे गणित मांडले. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड केल्व्हिन यांनी भरतीची वेगवेगळी चक्रे कप्प्या आणि दोरीच्या साहाय्याने एकत्र करणारे यंत्र बनवले. मुंबईत अपोलो बंदर येथे १८७८ पासून समुद्रपातळीची नोंद ठेवली जाते. आशियातील सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक आहे. आज भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरनिहाय कोष्टके प्रसिद्ध करतो, आणि मुंबई महानगरपालिका पावसाळ्यापूर्वीच साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतींचे दिवस जाहीर करते.

आधी सांगता येत नाही तो हवेचा भाग. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर चढतो, म्हणजे तीव्र चक्रीवादळाच्या केंद्राखाली पाणी केवळ दाबामुळे अर्धा मीटर वर येऊ शकते. त्याहून मोठा परिणाम वाऱ्याचा असतो, कारण तो पाणी किनाऱ्याकडे लोटतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या परिसरात धडकले, तेव्हा पौर्णिमा दोनच दिवसांवर होती. असे वादळ भरतीच्या वेळी आले की ओहोटीच्या वेळी, यावर नुकसानीचा आकडा फिरतो. रायगडातील खारजमिनीच्या शेतकऱ्यांना तर वादळाचीही गरज लागत नाही : मोठे उधाण आणि जोराचा वारा एकत्र आले की बांधाला खांड पडते, भातशेतीत खारे पाणी शिरते आणि ती जमीन पुन्हा पिकायला काही पावसाळे जावे लागतात.

पौर्णिमेला समुद्राला उधाण असते, म्हणून पंचगंगेचे पाणी उतरत नाही, हे खरे आहे का?

हे विधान महापुराच्या काळात कोल्हापुरात हमखास ऐकू येते, आणि ते पूर्णपणे चुकीचे आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून झालेली पंचगंगा पूर्वेकडे वाहते, नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि ते पाणी कर्नाटक, तेलंगण, आंध्र प्रदेश असा लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला जाते. अरबी समुद्र आपल्याला जवळ आहे, पण आपले पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून निघते. भरतीचा फुगवटा नदीत जेथपर्यंत तळ समुद्रपातळीच्या जवळ आहे तेथपर्यंतच शिरतो. राजाराम बंधाऱ्यापाशी नदी समुद्रापेक्षा पाचशे मीटरहून अधिक उंचावर आहे, आणि वाटेत धरणे आहेत ती वेगळीच.

तिथींचा पडताळाही घेता येतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी चढत होते तेव्हा, ७ ऑगस्टला, आकाशात अर्धा चंद्र होता, म्हणजे समुद्राला भांग होता. जुलै २०२१ च्या पुरात २४ तारखेला पौर्णिमा होती. एक महापूर भांगात आला, दुसरा उधाणात. पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते ती सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसामुळे, धरणांच्या विसर्गामुळे आणि कृष्णेला फुगवटा आल्यामुळे पाण्याला पुढे वाट न मिळाल्याने. या कारणांपैकी कोणाचा वाटा किती, हा वाद स्वतंत्र आहे. चंद्राला मात्र त्यातून वगळावे.

मग चिपळूणच्या पुरात भरतीचे नाव का घेतात?

कारण तेथे ते लागू पडते. घाटाच्या पश्चिमेकडील नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत, आणि समुद्राजवळ पोहोचताच त्यांच्या खाड्या होतात. वाशिष्ठीत भरतीचे पाणी चिपळूणच्या जवळपर्यंत येते. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीचे पाणी उतरत असताना समुद्रही उधाणाकडे झुकलेला होता. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी बांधासारखे आडवे उभे राहते आणि नदीचे पाणी ओहोटी लागेपर्यंत तुंबते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाही भरतीच्या तासांत नाल्यांचे पाणी समुद्रात जाऊ शकले नाही. दोन्ही ठिकाणी पूर भरतीने आणला नाही, पण निचऱ्याचे दार तिने काही तास बंद ठेवले.

हीच खाडी पूर्वी उपकारकही होती. कोल्हापूरहून गगनबावड्याचा घाट उतरून गेल्यावर लागणारे खारेपाटण आज रस्त्यावरचे गाव वाटते, परंतु विजयदुर्गच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबते येथवर येत, आणि घाटमाथ्यावरचा व्यापार या बंदरपेठेतून चाले.

रंकाळ्याला भरती का येत नाही?

येते, पण मोजण्याजोगी नाही. आधी म्हटल्याप्रमाणे भरती आडव्या ओढीने गोळा होणाऱ्या पाण्याची असते, आणि रंकाळ्याची लांबी-रुंदी एखाद-दुसऱ्या किलोमीटरची. एवढ्या अंतरात दोन काठांवरील पाण्याच्या पातळीत पडणारा फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास राहतो. पदपथावरून जाणाऱ्या वाऱ्याची झुळूक त्याहून मोठी लाट उठवते.

गंमत अशी की रंकाळ्याचे पाणी स्थिर असले तरी रंकाळ्याखालची जमीन स्थिर नाही. चंद्र-सूर्याच्या ओढीने पृथ्वीचे घन कवचही दिवसातून दोनदा वरखाली होते, आणि उधाणाच्या दिवसांत ही हालचाल तीस-चाळीस सेंटिमीटरपर्यंत जाते. महाद्वार रोड, अंबाबाईचे मंदिर, आपण आणि आपली मोजपट्टी सारे एकदमच उचलले जात असल्यामुळे कोणाला ते जाणवत नाही. जिनिव्हाजवळील सुमारे २७ किलोमीटर परिघाच्या कणत्वरकात, म्हणजे सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, मात्र या हालचालीने परिघ सुमारे एक मिलिमीटरने बदलत असल्याचे आढळले आणि शास्त्रज्ञांना ते हिशेबात घ्यावे लागले.

सुनामी ही भरतीचीच मोठी लाट आहे का?

नाही. सुनामी समुद्रतळाच्या भूकंपाने, क्वचित दरड कोसळल्याने किंवा ज्वालामुखीने येते. चंद्राचा तिच्याशी संबंध नाही.

समुद्राची पातळी वाढत असल्यामुळे भरती मोठी होत आहे का?

चंद्राची ओढ बदललेली नाही, पण ती ज्या पायरीवरून सुरू होते ती पायरी वर सरकली आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि २००६ नंतरच्या काळात वाढीचा वेग वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर इतका झाला. वीस सेंटिमीटर म्हणजे वीतभर पाणी, त्यात काय एवढे, असे वाटू शकते. परंतु बांधाची उंची जेव्हा सर्वांत मोठ्या उधाणापेक्षा वीतभरच जास्त ठेवलेली असते, तेव्हा पूर्वी अठरा वर्षांतून एकदा बांधाला टेकणारे पाणी दरवर्षी टेकू लागते.

शनिवार-रविवारी कोकणात उतरताना भरतीच्या दृष्टीने काय पाहावे?

निघण्यापूर्वी तिथी पाहावी आणि पोहोचल्यावर स्थानिक माणसाला भरतीची वेळ विचारावी. पाणी सहा तास सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन भाग, आणि मग पुन्हा दोन व एक, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे निम्मी भरती मधल्या दोन तासांत येते. ओहोटीच्या कडक वाळूवर मोटार उतरवून जेवायला गेलेली मंडळी फसतात ती यातच. पहिल्या तासात पाणी जवळजवळ जागेवरच असल्यासारखे वाटते. आमच्या ओळखीतील एका कुटुंबाची गाडी अशीच पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चाकांपर्यंत वाळूत रुतली, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी दारांना लागले होते. भरती मोठी नव्हती. नेहमीच्या उधाणाची होती. ओहोटी सुरू असतानाही खोल पाण्यात उतरू नये, कारण उधाणाची ओहोटी जोरात ओढते. आणि पावसाळ्यात समुद्रात उतरूच नये, मग तिथी कोणतीही असो.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचे आहे. कोणती तिथी निवडावी?

ओहोटी सर्वांत खोल जाते ती उधाणात, म्हणून अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस चांगले. त्या दिवसांत भरती पाऊण ते दीडच्या सुमारास असते, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी पावणेसात ते साडेसातच्या आसपास मिळेल. संध्याकाळी अंधार पडतो, म्हणून सकाळची घ्यावी, आणि साडेआठच्या आत वाळूवर परत यावे. अष्टमीला ओहोटी सोयीच्या वेळी, दुपारी बाराला येते खरी, पण तेव्हा भांग असल्यामुळे वाटेत गुडघाभर पाणी राहण्याची शक्यता असते.